गोधडीचा चौथा कोपरा

मु. कायझर्सलाउटर्नहून बसचा शेवटचा थांबा,
ऑगस्टचा दुसरा रविवार

तीर्थरूप कुसुम आत्यास,

मयुरेशचा लांबूनच साष्टांग नमस्कार. (जवळ येऊन घातला असता, पण जवळ आलो की तुझ्या हाताला जे सापडेल ते माझ्या पाठीत बसतं, असा लहानपणापासूनचा अनुभव आहे.) पत्राला कारण आहे, पण ते एवढ्यात सांगत नाही.

सगळ्यात आधी एक अट. हे पत्र ऊर्मिला वहिनींनीच मोठ्यानं वाचायचं. तुझ्या नातीनं, अन्वीनं नाही, कारण ती जोडाक्षर आलं की ते गाळून पुढं पळते. भास्करदादानं तर मुळीच नाही, तो पहिली ओळ आणि शेवटची ओळ बघतो आणि "बरा आहे म्हणतोय" एवढं सांगून जीप काढतो. मला माहीत आहे की तुझं आणि तुझ्या सुनेचं पावणेदोन वर्षं बोलणं नाही. एका घरात दोन चुली झाल्यात आणि मीठ संपलं तरी निरोप अन्वीच्या तोंडून जातो, हे सगळं आईनं फोनवर सांगितलंय. पण वाचणं म्हणजे बोलणं नव्हे. वहिनी, तुम्ही कागदाकडं बघून वाचा. आत्या, तू भिंतीकडं बघून ऐक. कुणाचाच शब्द खाली पडत नाही.

तुझा उजवा गुडघा कसा आहे? पायऱ्या उतरताना अजून देवाचं नाव घेतेस की आता माझं घेतेस? म्हैस व्याली, रेडी झाली, हेही कळलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. ब्राउनश्वाइगची नोकरी सोडली, कारण तिथला मुकादम माझ्याकडं बघून दुसऱ्याशी बोलायचा. बॉनची सोडली, कारण तिथं कुणी बघतच नव्हतं. आता सात महिने इथं एका पंजाबी हॉटेलात तंदूरवर आहे. नववीत शाळेनं हाकललेल्याला जर्मनीत कोण घेतंय, असं भास्करदादा म्हणाला होता. त्याला सांग, भट्टी मार्कलिस्ट मागत नाही.

राहायला एका शेतकऱ्याकडं माळ्यावरची खोली मिळाली आहे. बाईचं नाव गेर्लिंडे, वय तुझ्याएवढं, गुडघापण तुझ्यासारखाच, फक्त डावा. नवऱ्याचं नाव हेल्मुट. हा माणूस दोनच शब्द बोलतो, "जा" आणि "गेनाऊ". पहिल्याचा अर्थ हो, दुसऱ्याचा अर्थ बरोबर. आपल्याकडं कुणी एवढं हो-बरोबर करायला लागला की समजावं, याला काहीतरी सही पाहिजे. म्हणून मी पहिल्या दिवसापासून सावध होतो. पण खोली हातची घालवून चालत नाही, कारण इथं खोली गेली की आनमेल्डुंग जातं, म्हणजे अमुक माणूस अमुक घरात राहतो ही सरकारी नोंद. ती गेली की माणूस असून नसल्यासारखा.

आता मूळ गोष्टीवर येतो. (वहिनी, घसा कोरडा पडला असेल तर पाणी प्या, अजून पुष्कळ आहे.) या गावात प्रत्येकाच्या घराशेजारी एक भलंमोठं लाकडी कोठार असतं, खाली ट्रॅक्टर, वर गवत. मी आलो तेव्हा बघितलं तर चार-पाच कोठारांच्या तोंडावर, वर आढ्याजवळ, रंगवलेले मोठमोठे चौकोन. एकावर चांदणी, एकावर आठ त्रिकोणांची भिंगरी, एकावर नुसते लाल-निळे तुकडे. खाली नाव नाही, फोन नंबर नाही, जाहिरात म्हणावी तर माल कुठला ते लिहिलेलं नाही. आता तूच सांग, आपल्याकडं घरावर कुणी बाहेरून रंगानं काही काढलं तर त्याचा अर्थ काय होतो? रस्ता रुंदीकरण! आपल्या स्टँडजवळच्या शिंप्याच्या दुकानावर लाल रंगात असाच चौकोन काढला होता, आणि पुढच्या आठवड्यात निम्मं दुकान जेसीबीनं नेलं. शिंपी मशीन घेऊन उरलेल्या निम्म्यात बसला, तो अजून तिरकाच बसतो.

गेर्लिंडेच्या कोठारावरही चौकोन होता. मला वाईट वाटलं. मी खाली गेलो, तिचे दोन्ही हात धरले, मान हलवली आणि कोठाराकडं बोट दाखवून हातांनीच विचारलं, किती फूट? तिनं दोन्ही हात लांब पसरून, छाती पुढं काढून दाखवलं, अडीच मीटर! अडीच मीटर जातंय आणि बाई हसतेय. मी हेल्मुटकडं बघितलं. तो म्हणाला, "गेनाऊ." मग त्यांनी मला केक खायला घातला. सुतकात केक घालायची पद्धत असेल म्हणून मी गप खाल्ला.

हा गैरसमज मल्हारनं दूर केला. मल्हार म्हणून पुण्याचा एक मुलगा इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. विषय, लोखंड थकतं कसं. (लोखंड थकलं की याला शिष्यवृत्ती, मी थकलो की मला ओरडा.) तो आमच्या हॉटेलात जेवायला येतो आणि जेवण होईपर्यंत मला शिकवतो. म्हणाला, "आल्झो (म्हणजे 'तर'), मयुरेश, ते रस्त्याचं काही नाहीये रे. त्या गोधड्या आहेत. हेरिटेज." म्हटलं, लाकडाच्या गोधड्या? तर म्हणाला की दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इथली पुष्कळ माणसं पोटामागं अमेरिकेला गेली. तिकडं त्यांच्या बायकांनी जुनेराच्या गोधड्या शिवल्या, जिच्या तिच्या घरची नक्षी वेगळी. आता तिकडचे शेतकरी आपल्या आज्या-पणज्यांची ती नक्षी पाटीवर रंगवतात आणि कोठारावर चढवतात, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळावं की हे अमक्याचं घराणं. दोन वर्षांपूर्वी गेर्लिंडेची कुणी लांबची बहीण तिकडून पणजीची गोधडी घेऊन आली, आणि तिचं बघून सगळ्या गावानं हा नाद घेतला.

मल्हारला हे फार छान वाटलं. मला नाही. आत्या, अडीचशे वर्षांनी कुणी नातेवाईक पणजीची वस्तू घेऊन दारात उभा राहतो, तो काय गोधडी दाखवायला येतो? तो वारसाची नोंद लावायला येतो. मी हेल्मुटला अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवायची खूण करून दाखवली, आणि मग ते करायचं नाही म्हणून कानाला हात लावला. तो म्हणाला, "जा." आदल्या दिवशी मी त्याला पाऊस येईल का म्हणून विचारलं होतं तेव्हाही हेच म्हणाला होता, त्यामुळं त्याला कितपत समजलं ते सांगता येत नाही.

इथवर सगळी त्यांची भानगड होती. पुढं ती माझ्या अंगावर आली. त्याचं असं झालं की माझ्याजवळ एक पांघरूण आहे. (कुठून आलं ते ओघात येईलच. वहिनी, इथं थांबू नका.) त्याला भट्टीच्या धुराचा वास यायला लागला म्हणून मे महिन्यात एका दिवशी मी ते खिडकीतून बाहेर सोडलं. खाली अंगणात गेर्लिंडे उभी. बघते ती बघतेच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हातातली बादली खाली ठेवायचं भान नाही. मी पांघरूण आत ओढलं. दुसऱ्या दिवशी ती टेप आणि वही घेऊन जिना चढून वर आली, तेसुद्धा त्या गुडघ्यानं! पांघरूण पसरायला लावलं, लांबी-रुंदी मोजली, फोटो काढले, आणि एकेक तुकड्यावर बोट ठेवून विचारायला लागली, हा कुणाचा, तो कुणाचा, तुझी आई कुठली, आजी कुठली, तुम्ही किती पिढ्या त्या गावात.

मला घाम फुटला. आपल्याकडं माणसाला पिढ्या कधी विचारतात? एक, लग्न जमवताना. दोन, कोर्टात. गेर्लिंडेची एक भाची आहे, ट्रॅक्टर चालवते, हात माझ्या दुप्पट. म्हणजे पहिली शंका ती. दुसरी शंका अशी की पांघरुणाचा मालक कोण याची चौकशी इथपर्यंत पोचली. (दुसरी शंका मला का यावी, ते विचारू नका.) वर त्यातल्या एका तुकड्याबद्दलही मला धड माहिती नव्हती. मग मोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करत, तोंडाला येईल ते सांगितलं. लाल तुकडा पणजोबांच्या फेट्याचा, जो त्यांनी वाघाच्या तोंडात कोंबला होता. हिरवा एका राणीच्या लुगड्याचा. जांभळ्या ठिपक्यांचा आमच्या घोड्याच्या झुलीचा. बाईनं सगळं वहीत लिहून घेतलं आणि वाघाच्या ठिकाणी दोनदा रेघ मारली.

मग तिचा हात चौथ्या कोपऱ्यावर गेला. कोपरा चाचपला, परत चाचपला, आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की विमानतळावरचे लोक काय बघतील. त्या कोपऱ्यात जोंधळ्याचे पाच दाणे आहेत. गोधडीची ओटी भरल्याशिवाय शेवटचा कोपरा शिवायचा नाही, म्हणजे पांघरणारा उपाशी झोपत नाही. (आपल्याकडं पुष्कळ बायका घालतात. एकटी तूच घालतेस असं नाही.) हे जर्मनमध्ये कसं सांगायचं? मी म्हटलं, "एसन." म्हणजे जेवण. ती म्हणाली, कुणाचं? मी पांघरुणाकडं बोट दाखवलं. तिनं वही मिटली आणि खाली गेली. त्या दिवसापासून दारात माझ्यासाठी झाकलेली बशी ठेवलेली असायची. एकदा बटाटे, एकदा सूप. पहिले दोन दिवस मी ते मांजराला देऊन बघितलं. मांजर जिवंत राहिलं, उलट वर राहायलाच आलं.

जूनमध्ये कोठाराला कुलूप लागलं. आल्यापासून कधी बघितलं नव्हतं. नवरा-बायको जेवून आत जातात, दार ओढून घेतात आणि संध्याकाळी हाताला रॉकेल चोळत बाहेर येतात. मी विचारलं, आत काय? हेल्मुट म्हणाला, "जा." आत काय याचं उत्तर हो! मी ठरवलं की खोली जाणार. कोठारात नवा भाडेकरू येणार, किंवा ती भाची. ट्रंक भरायला घेतली. तसंही पाच महिने म्हणजे माझ्या मानानं म्हातारपणच झालं होतं. पण निघायच्या आधी एकदा बघावं म्हणून फळीच्या फटीला डोळा लावला, आणि आधी नाकाला कळलं. ऑइलपेंट.

तुला आठवत असेल, शाळा सुटल्यावर मी दोन वर्षं ट्रकच्या फाळक्यांवर कमळं आणि गरुड काढायचो. फटीतून बघतो तर आत एक मोठी पाटी आडवी टाकलेली, म्हातारी चिकटपट्टी लावून त्रिकोण भरतेय, आणि पट्टीखालून रंग पसरून कडेची रेघ अशी वाकडी झाली होती की मला फटीतून दिसत होती. शंका, खोली, ट्रंक, सगळं बाजूला राहिलं. मी दार वाजवलं, आत गेलो, तिच्या हातातून ब्रश घेतला, चिकटपट्टी उपटून टाकली आणि श्वास धरून रेघ ओढली. मग दुसरी. मग तिसरी. हेल्मुट माझ्यासाठी बियर घेऊन आला आणि मी रंगवतोय म्हणून त्यानंच पिऊन टाकली.

पेंटर काम झालं की मागं सरून, एक डोळा मिटून बघतो. मी भिंतीपर्यंत मागं सरलो. जवळून मी नुसते त्रिकोण बघत होतो. लांबून बघितलं आणि आत्या, ती तुझी गोधडी होती.

(वहिनी, वाचत राहा. हो, तीच.)

लाल, हिरवा, जांभळ्या ठिपक्यांचा, मधोमध तुझ्या इरकलीचा काठ, सगळं जिथल्या तिथं, फक्त अडीच मीटरचं. आणि इरकलीच्या उजव्या हाताला एक खाकी तुकडा, त्याला तिरकी शिवण. गेर्लिंडेनं ती शिवणसुद्धा बारीक पिवळ्या रेघेनं टाके मोजून काढली होती. आत्या, ती माझी चड्डी आहे. आठवीत शाळेच्या कुंपणावरून उडी मारताना फाटली, तू चुलीपुढं बसून शिवलीस, आणि शिवताना "हा पोरगा कुठंच टिकणार नाही" असं म्हणालीस. पावणेदोन वर्षं स्वतःचीच चड्डी पांघरून झोपलो आणि ओळखली नाही. आता मला नवीन शंका आहे. ती गोधडी तू अन्वीसाठी शिवली होतीस. अन्वीच्या गोधडीत माझी चड्डी कशाला? कापड कमी पडलं म्हणून घातलीस का? तसं असेल तर तसं कळव. दुसरं काही असेल तरी कळव.

तर आता ओघात आलंच आहे. मी इकडं निघालो त्या दिवशी पाया पडायला तुझ्याकडं आलो होतो. तू मळ्यात होतीस. मी आतल्या खोलीत तुझी वाट बघत बसलो. पेटी उघडीच होती, गोधडी वरच होती. विमानात तेवीस किलो न्यायला देतात आणि माझी बॅग एकोणीस भरली होती. चार किलो रिकामं न्यायला जीव होईना. एवढंच. दुसरं काही नव्हतं. (थोडं होतं. पण ते पत्रात लिहायचं नसतं.) वाटलं, तू महिन्याभरात शिव्या घालशील, मी फोनवर ऐकून घेईन आणि विषय मिटेल. पण तुझा संशय पेटीच्या किल्लीकडं गेला, आणि किल्ली वहिनींकडं होती, आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा भाऊ टेम्पो घेऊन आला होता. मग आईनं सांगितलं की वहिनींनी माहेरी जाऊन घरातली एकूण एक गोधडी अंगणात दोरीवर टाकली आणि गावासमोर म्हणाल्या, या, ओळखा. ते ऐकल्यावर मला सांगायला तोंड राहिलं नाही. दर महिन्याला आता सांगतो, आता सांगतो म्हणत गाव बदलत राहिलो.

वहिनी, इथं थांबा. पाणी प्या. आता पुढचं वाक्य मोठ्यानं, कारण आत्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं: गोधडी ऊर्मिलानं घेतली नाही, ऊर्मिलाच्या भावानं घेतली नाही, मयुरेशनं चोरली. परत एकदा वाचा. दाराजवळ जाऊन तिसऱ्यांदा वाचलंत तरी चालेल, शेजारी ऐकू गेलं तर बरंच.

पाटी मागच्या आठवड्यात चढवली. मी मल्हारला मध्ये घालून गेर्लिंडेला विचारलं की हे कशाला? भाडं वाढवायचंय का? अख्खं कोठार रंगवून घ्यायचंय का? ती म्हणाली, पुढच्या बाजूला या घरातून गेले त्यांची नक्षी आहे, मागच्या बाजूला या घरात आला त्याची. माझा विश्वास बसला नाही, मी मल्हारला दोनदा विचारलं. तेव्हा हेल्मुटनं तिसरा शब्द काढला, "ब्लाइब." मी मल्हारकडं बघितलं. मल्हार म्हणाला, म्हणजे राहा. आत्या, मला आजवर पुष्कळ भाषांत पुष्कळ लोकांनी निघ म्हणून सांगितलंय, पण राहा म्हणणारा हा पहिलाच. त्यामुळं मी त्याच्यावर अजून लक्ष ठेवून आहे. ट्रंक मात्र रिकामी केली.

सगळ्यांना ज्याचे त्याचे नमस्कार, अन्वीला तिची गोधडी ढापल्याबद्दल कान धरून माफी, आणि रेडीला आशीर्वाद.

तुझा, उजवीकडून खाकी तुकडा,
मयुरेश

ता. क. फोन का केला नाही? फोनवर माझा आवाज आला की तू अन्वीकडं देतेस. मेसेज केला असता तर एकेकटीनं वाचला असता. पत्र एकीनं वाचावं लागतं आणि दुसरीला तिथंच बसावं लागतं.

ता. क. दुसरा. आता खरं काम. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गेर्लिंडेच्या अंगणात गावजेवण आहे. तिथं मला पाटीखाली उभं करून प्रत्येक तुकडा कुणाचा ते सांगायला लावणार आहेत, आणि बाई वही घेऊन शेजारी उभी राहणार आहे. वाघ ऐकायला शेजारच्या गावातूनही लोक येणार आहेत. मला खरं सांगायचंय. सोबत कागदावर गोधडी आखून छत्तीस घरं पाडून पाठवलीत. आत्या, तू एकेक तुकडा आठवून सांग, आणि वहिनी, तुम्ही त्या-त्या घरात लिहा, कारण अक्षर तुमचंच सुवाच्य आहे. हे काम भिंतीकडं बघून होणार नाही. लिहून झालं की अन्वीनं फोटो काढून पाठवावा. लाल तुकडा कुणाचाही निघाला तरी चालेल, फक्त वाघ नसला तर आधी कळवा.

ता. क. तिसरा. माझ्या मनानं उचल खाल्ली म्हणून कबूल केलं, असा कुणाचा समज नको. त्या जेवणाचे फोटो गावाच्या पानावर इंटरनेटवर चढणार आहेत, आणि मल्हार ते आपल्या गावच्या ग्रुपवर टाकणार आहे, खाली तुझ्या नावासकट. मल्हारला मी पुष्कळ अडवलं. त्याला त्यात हेरिटेज दिसतंय.

ता. क. चौथा. गोधडी परत पाठवतो असं मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही. वहिनी, हवं तर पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवा.